हेलसिंकीत महिनाभर वर्गनिरीक्षण: परवानगी, नोंदी आणि मुक्कामाबद्दल मार्गदर्शन हवं

प्रश्न : क्षेत्रकार्य_एमएड

नमस्कार. एम.एड.च्या क्षेत्रकार्यासाठी येत्या सप्टेंबरात चार आठवडे हेलसिंकीत राहून प्राथमिक शाळांतले वर्ग पाहायचं ठरतंय. विषय आहे तिसरी ते सहावीच्या वर्गांतलं गटकार्य. सध्या मार्च चालू आहे, म्हणजे हातात साधारण पाच महिने आहेत. फिनिश भाषा अजिबात येत नाही, इंग्रजी चांगली आहे.

अडलेल्या गोष्टी अशा: परवानगी शाळेकडून घ्यायची की शहराच्या शिक्षण विभागाकडून? विविधता मिळावी म्हणून पाच-सहा शाळा पाहायचा विचार आहे, तो बरोबर आहे का? आम्हाला फ्लँडर्सची आंतरक्रिया विश्लेषण पद्धत (वर्गातलं बोलणं ठरावीक प्रकारांत नोंदवायची) शिकवली आहे, भाषा न कळता ती वापरता येईल का? मोबाइलवर तास रेकॉर्ड केला तर चालतो का? आणि व्हिसा, राहणं, शाळेपर्यंतचा प्रवास यात कुठे चुका होतात?

माहीतगारांनी शक्य तितकं नेमकं सांगावं ही विनंती.

उत्तर १ : खडूफळा

आधी परवानगीचं सांगतो, कारण सगळं वेळापत्रक त्यावर अवलंबून आहे.

फिनलंडच्या १९९८ च्या मूलभूत शिक्षण कायद्यात अध्यापन सार्वजनिक असल्याचं लिहिलेलं आहे. सबळ कारण असेल तर वर्ग पाहण्याचा हक्क मर्यादित करता येतो, अशी पुस्तीही त्याला जोडलेली आहे. म्हणजे परक्या माणसाने वर्गात बसणं ही कल्पना तिथे मुळातच विचित्र मानली जात नाही. पण म्हणून थेट शाळेच्या दारात जाऊन उभं राहायचं नाही. होकार मुख्याध्यापकांचा लागतो आणि ज्यांच्या वर्गात बसणार त्या शिक्षकांचाही.

तुमचं काम निव्वळ निरीक्षण आहे की संशोधन, हे आजच ठरवा. वर्गात बसून स्वतःच्या शिक्षणासाठी नोंदी काढणं आणि त्यावर महाविद्यालयात अहवाल देणं एवढंच असेल, तर बहुतेक वेळा मुख्याध्यापकांशी पत्रव्यवहार पुरतो. मुलांच्या मुलाखती, प्रश्नावल्या, त्यांच्या वह्यांचे नमुने किंवा ध्वनिमुद्रण प्रबंधात वापरायचं असेल तर ते संशोधन झालं. शहराच्या शाळांसाठी त्याला हेलसिंकीच्या शिक्षण विभागाची संशोधन परवानगी लागते. अर्जासोबत संशोधन आराखडा, मार्गदर्शकांचं नाव, माहिती कुठे आणि किती काळ ठेवणार याचा तपशील, पालकांना द्यायच्या संमतिपत्राचा मसुदा असं सगळं मागतात. पंधरा वर्षांखालच्या मुलांसाठी साधारणपणे पालकांची संमती घ्यावी लागते. ही परवानगी मिळाली तरी शाळा नाही म्हणू शकते, तो तिचा वेगळा निर्णय असतो. चार आठवड्यांच्या कामासाठी माझा स्पष्ट सल्ला: मुलांकडून थेट काहीही गोळा करू नका, निरीक्षण आणि शिक्षकांशी बोलणं एवढ्यावरच आराखडा उभा करा. गटकार्य या विषयाला तेवढं पुरेसं आहे.

आता वेळ. तिथलं शालेय वर्ष ऑगस्टच्या पूर्वार्धात सुरू होतं आणि मे अखेरीला किंवा जूनच्या पहिल्या दिवसांत संपतं. मधल्या उन्हाळी सुट्टीत शाळा खरोखर बंद असते, जुलैत ईमेलला उत्तर येत नाही. सप्टेंबरात जायचं असेल तर पत्रं एप्रिलमध्ये गेलीच पाहिजेत. मे महिन्यात सहली, वर्षअखेरीची कामं आणि पुढच्या वर्षाचं वेळापत्रक एकदम येतात, त्यामुळे मेच्या मध्यानंतर पाठवलेलं पत्र ऑगस्टपर्यंत पडून राहण्याची शक्यता मोठी. सप्टेंबर महिना मात्र चांगला निवडलात. वर्ग बसलेले असतात आणि हेलसिंकीची शरद सुट्टी वर्षाच्या ४२ व्या आठवड्यात, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्याला येते. तिथे तारखांऐवजी आठवड्याचे क्रमांक सर्रास वापरतात. 'आठवडा ३८ ला या' असं उत्तर आलं तर गोंधळू नका, कॅलेंडरमध्ये आठवड्यांचे क्रमांक दिसतील अशी सोय आधीच करून ठेवा.

पत्र एका पानाच्या आत बसवा आणि इंग्रजीत लिहा. तुम्ही कोण, कुठल्या अभ्यासक्रमाला, कुठल्या तारखा, कुठल्या इयत्ता, आठवड्यातले किती दिवस, वर्गात काय करणार. त्याच्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे काय करणार नाही: फोटो नाही, मुद्रण नाही, मुलांची नावं नाहीत. महाविद्यालयाचं पत्र आणि दोन ओळींत निरीक्षणाचा विषय जोडा. 'फिनिश शिक्षणपद्धतीचा अभ्यास करायचा आहे' एवढ्यावर मुख्याध्यापकाला काहीच ठरवता येत नाही. 'चौथीच्या दोन वर्गांत गट कसे पाडतात आणि शिक्षक गटांमध्ये किती वेळा जातात ते पाहायचं आहे' असं लिहिलं तर ते पत्र थेट त्या वर्गशिक्षकांकडे पुढे जातं.

हेलसिंकी विद्यापीठाच्या दोन सराव शाळा आहेत, वीक्कीची सराव शाळा आणि हेलसिंकी नॉर्मल लिसियम. तिथे छात्रशिक्षक कायम असतात, त्यामुळे मुलांना मागे बसलेल्या माणसांची सवय असते. पण इयत्ता पाहून अर्ज करा. वीक्कीत पहिलीपासूनचे वर्ग आहेत, नॉर्मल लिसियमला सातवीपासून सुरुवात होते, म्हणजे ती तुमच्या विषयाच्या कामाची नाही. शिवाय सराव शाळेतला तास पुष्कळदा छात्रशिक्षक घेत असतो, नियमित शिक्षक नव्हे. नोंदीत ते दरवेळी लिहायलाच हवं. काही संस्था शैक्षणिक भेटींसाठी शुल्क घेतात, तेव्हा पहिल्याच पत्रात तेही विचारून टाका.

उत्तर २ : निरीक्षण_तक्ता

पद्धतीबद्दल लिहिते. पाच-सहा शाळांचा बेत सोडून द्या. हिशोब करून पाहा. दिवसाला तीनपेक्षा जास्त तासांची पद्धतशीर नोंद नीट होत नाही, कारण प्रत्येक ४५ मिनिटांच्या तासामागे नोंदी वाढवून लिहायला किमान तासभर जातो. आठवड्यातले चार दिवस शाळेत आणि एक दिवस लेखनाला धरलात तर चार आठवड्यांत ४८ तास होतात. शिक्षक आजारी, सहल, चाचणी, क्रीडादिन यांत त्यातले काही जाणारच. पहिल्या दोन-तीन दिवसांतल्या नोंदी तुलनेसाठी वापरू नयेत, कारण मुलं तुमच्याकडे वळून पाहत असतात आणि शिक्षकही जरा सावध असतात. हाती चाळीसच्या आसपास उरतात. ते सहा शाळांत वाटले तर प्रत्येक शाळेचे सहा-सात तास, त्यातही वेगवेगळे विषय आणि वेगवेगळे शिक्षक. त्यातून फक्त छाप मिळते. तेच दोन वर्गांत घातले तर सोमवारचा गट गुरुवारी कसा बदलला हे दिसतं.

फ्लँडर्सबद्दल. त्या पद्धतीत दहा प्रकार आहेत: सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे आणि दहावा शांतता किंवा गोंधळ. दर तीन सेकंदांना एक आकडा, म्हणजे मिनिटाला वीस, ४५ मिनिटांच्या तासाला नऊशे. इथे दोन अडचणी येतात.

पहिली भाषेची. शिक्षक मुलाची कल्पना स्वीकारतोय, कौतुक करतोय की सूचना देतोय हे शब्द कळल्याशिवाय ठरत नाही. आवाजाच्या चढउतारावरून अंदाज बांधू नका. फिनिशमध्ये प्रश्न विचारताना सूर वर जाईलच असं नसतं. हो-नाहीच्या प्रश्नात शब्दाला 'को' किंवा 'क्यो' जोडला जातो. तो कान देऊन ओळखायला शिकलात आणि मिका, मिक्सी, मितेन, कुका, मिस्सा (काय, का, कसं, कोण, कुठे) हे शब्द पाठ केलेत तर निदान प्रश्न कधी विचारला गेला एवढं टिपता येतं.

दुसरी अडचण जास्त खोल आहे आणि ती भाषा येणाऱ्यालाही चुकत नाही. फ्लँडर्सचा तक्ता पूर्ण वर्गाशी चाललेल्या बोलण्यासाठी बनवलेला आहे. मुलं चार-चारच्या गटांत बोलत असतील तर तुमच्या नोंदीत ते सगळं 'दहा' या रकान्यात जातं. एकट्याने शांतपणे गणितं सोडवणंही दहा, आणि साहित्य वाटतानाची गडबडही दहा. तासाचा निम्मा वेळ दहामध्ये पडला तर त्या तक्त्यातून तुमच्या विषयाबद्दल काहीच निघत नाही, कारण तुमचा विषयच त्या रकान्यात गाडला गेलेला असतो.

त्याऐवजी दोन मिनिटांच्या अंतराने नोंद करा. ४५ मिनिटांत बावीस नोंदी होतात. प्रत्येक वेळी डोकं वर करून वर्ग डावीकडून उजवीकडे एकदा नजरेखालून घाला आणि चार गोष्टी लिहा. रचना: पूर्ण वर्ग, गट, जोडी, एकट्याने की बदलाची वेळ. शिक्षक कुठे: फळ्याशी, टेबलाशी, फिरत, एका गटाजवळ, एका मुलाजवळ. खोलीत प्रौढ किती. आणि आधीच निवडलेल्या एका गटातलं कोण बोलतंय, कोण लिहितंय, कोण दोन्हीत नाही. हा शेवटचा रकाना सर्वात मोलाचा. गटातल्या मुलांना अ, ब, क, ड म्हणा आणि बसण्याच्या जागेचा नकाशा वहीत काढून ठेवा. सगळ्या गटांकडे एकदम पाहायला गेलात तर एकही धड दिसत नाही.

'बदलाची वेळ' हा वेगळा रकाना विसरू नका. वर्ग गटांत बसायला किती वेळ घेतो, टेबलं हलवावी लागतात का, सूचना आधी मिळते की गट पडल्यावर, यावरच गटकार्य जमतं की फसतं ते ठरतं. हे पाहायला भाषा लागत नाही, घड्याळ पुरतं.

प्रतीक्षाकाळही मोजता येईल. मेरी बड रो यांच्या अभ्यासात शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सुमारे एक सेकंद थांबतात असं दिसलं होतं. तो थांबा तीन सेकंदांपर्यंत वाढवला तर मुलांची उत्तरं लांब आणि जास्त विचारपूर्वक येतात. पण मघाशी सांगितलेल्या भाषेच्या अडचणीमुळे पूर्ण वर्गाच्या प्रश्नोत्तरांपुरताच हा प्रयत्न करा.

निघण्याआधी रकान्यांची चाचणी घ्या. वर्गाचा कुठलाही ४० मिनिटांचा व्हिडिओ तुम्ही आणि एका सहाध्यायाने स्वतंत्रपणे नोंदवा, जुळलेल्या नोंदींना एकूण नोंदींनी भागा. ८० टक्क्यांच्या खाली आलं तर रकान्यांच्या व्याख्या ढिल्या आहेत. 'शिक्षक गटाजवळ' म्हणजे वाकून बोलतोय की नुसता शेजारून जातोय, असे प्रश्न तेव्हाच सुटतात. तिथे जाऊन व्याख्या बदलल्यात तर आधीचे तास तुलनेतून बाद होतात.

वहीचं पान उभं दुमडा. डावीकडे फक्त दिसलेलं, ऐकलेलं; उजवीकडे तुमचा अर्थ, शंका, प्रश्न. 'मुलं कंटाळली होती' हे उजवीकडचं वाक्य आहे. डावीकडे 'क ने पेन खाली ठेवलं, खिडकीकडे पाहतोय, ४ मिनिटं' असं यायला हवं. त्याच संध्याकाळी वाढवून लिहा. दोन दिवसांनी डावी आणि उजवी बाजू डोक्यात एक होऊन जाते.

क्षेत्रकार्य_एमएड

खूप आभार दोघांचे. दोन वर्ग घ्यायचं पटलं. मग भाषेसाठी इंग्रजी माध्यमाची शाळा निवडली तर बरं होईल का? आणि मुद्रणाचं राहिलं.

उत्तर ३ : चौथीब

इंग्रजी माध्यमामुळे भाषा कळेल, पण तुम्ही काय पाहताय ते बदलेल. हेलसिंकीत इंग्रजीतून शिकवणारे वर्ग आणि आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळा आहेत. त्यांतल्या काहींत प्रवेशासाठी भाषेची चाचणी असते आणि देशाबाहेरून आलेल्या कुटुंबांची मुलं पुष्कळ असतात. नेहमीच्या परिसर शाळेबद्दल त्यावरून काही म्हणता येणार नाही. मी एक मधला मार्ग सुचवेन: मुख्य काम फिनिश माध्यमाच्या एकाच शाळेत करा आणि त्याच दोन वर्गांचे इंग्रजी विषयाचे तास आवर्जून बसून पाहा. पहिली परकीय भाषा तिथे २०२० पासून पहिलीतच सुरू होते, ती बहुतेक मुलांची इंग्रजी असते. चौथी-पाचवीच्या इंग्रजीच्या तासात शिक्षकाच्या सूचना तुम्हाला कळतात, तीच मुलं, तेच गट. तिथे ऐकलेली सूचना द्यायची रीत मग गणिताच्या तासात नुसती पाहूनही ओळखता येते.

वेळापत्रक हातात आल्यावर तीन गोष्टी तपासा, नाहीतर नोंदी फसव्या निघतील.

एक, अर्ध्या वर्गाचे तास. खालच्या इयत्तांत विशेषतः, वर्गाचे दोन भाग करून एक भाग सकाळी लवकर येतो आणि दुसरा शेवटी थांबतो. याला याकोतुंती म्हणतात. बारा मुलांच्या खोलीतलं गटकार्य आणि चोवीस मुलांच्या खोलीतलं गटकार्य एका तक्त्यात बसत नाही. दोन, धर्माचा तास. मुलं आपापल्या धर्माच्या किंवा नीतिशिक्षणाच्या गटांत वेगवेगळ्या खोल्यांत जातात, तुमचा वर्ग त्या वेळी अस्तित्वातच नसतो. फिनिश ही दुसरी भाषा म्हणून शिकणारी मुलंही मातृभाषेच्या तासाला पुष्कळदा वेगळी बसतात. तीन, खोलीतले प्रौढ. विशेष शिक्षक, मदतनीस आणि कधी दोन वर्गशिक्षक एकत्र असतात. कोण कोण आहे ते आधीच विचारून घ्या, नाहीतर तीनपैकी ज्याला तुम्ही पाहुणा समजलात तोच एका गटाला पूर्णवेळ सांभाळत असतो. ऑगस्ट २०२५ पासून तिथल्या अध्ययन साहाय्याचे नियम बदलले आहेत. २०११ पासूनची तीन पायऱ्यांची रचना जाऊन गटाला द्यायचं साहाय्य आणि एकेका विद्यार्थ्याला द्यायचं साहाय्य अशी मांडणी आली. जुन्या लेखांतून तीन पायऱ्या वाचून गेलात तर शिक्षकांशी बोलताना मेळ बसणार नाही.

जुन्या लेखांचा विषय निघालाच आहे तर: तिथे गृहपाठ नसतो, परीक्षा नसतात, हे डोक्यातून काढून टाका. गृहपाठ असतो, थोडा असतो. शिक्षक स्वतः चाचण्या घेतात आणि गुण ४ ते १० या मापात दिले जातात, ४ म्हणजे नापास. नऊ वर्षांच्या मूलभूत शिक्षणात सगळ्यांसाठी सक्तीची राष्ट्रीय परीक्षा नसते, हे खरं. आणि पिसा या शालेय विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत गणितात २००६ साली ५४८ गुण असलेला हा देश २०२२ साली ४८४ वर आला आहे, यावर तिथल्या शिक्षकखोलीत गंभीरपणे बोललं जातं. तुम्ही आदर्श नमुना पाहायला आलात अशी भूमिका घेतलीत तर शिक्षक संकोचतात. 'इथे काय अवघड जातंय' असं विचारलंत तर बोलतात.

गटकार्यासाठी आणखी एक सांगतो. २०१४ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २०१६ पासून लागू झाला. त्यात प्रत्येक मुलाला वर्षातून किमान एक बहुविषयी अध्ययन घटक मिळावा असं आहे. तो तुमच्या चार आठवड्यांत येतोय का, हे शाळेला विचारून घ्या. त्या दिवसांत रोजचं वेळापत्रक मोडतं. पाहायला सुंदर असतं, पण नियमित तासांच्या नोंदींत ते मिसळू नका, वेगळी वही करा. हस्तकलेचा तासही सोडू नका. तो सातवीपर्यंत सगळ्यांना सक्तीचा आहे, आणि एकमेकांना मदत करणं म्हणजे काय ते लाकूडकामाच्या खोलीत जितकं उघड दिसतं तितकं गणितात दिसत नाही.

उत्तर ४ : झोळी_आणि_छत्री

मुक्काम आणि कागदपत्रं माझ्याकडे.

मुक्काम ९० दिवसांच्या आतला, त्यामुळे राहण्याचा परवाना नको, अल्पकालीन शेंगेन व्हिसा लागेल. अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो. निर्णयाला नियमाने १५ दिवस, पण काही प्रकरणांत ४५ पर्यंत लांबू शकतात. शिवाय अर्ज द्यायची वेळ मिळायलाच उन्हाळ्यात उशीर होतो, म्हणून शाळेचं पत्र हातात पडताच नोंदणी करा. प्रवासविमा किमान ३०,००० युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध, गेल्या दहा वर्षांत दिलेला आणि दोन कोरी पानं असलेला.

प्रौढांसाठी शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. मात्र शिक्षणासाठी किंवा शैक्षणिक प्रशिक्षणासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना शेंगेन नियमांत हे शुल्क माफ आहे. ती सवलत आपोआप लागत नाही. महाविद्यालयाच्या पत्रात तुम्ही नोंदणीकृत विद्यार्थी आहात आणि हा प्रवास अभ्यासक्रमाचा भाग आहे हे स्पष्ट हवं, आणि अर्जात उद्देश पर्यटन लिहिलात तर ती हातची जाते. अर्ज केंद्राचा सेवाखर्च वेगळा, तो भरावाच लागतो. शाळेच्या पत्रात तारखा, पत्ता आणि काम बिनपगारी निरीक्षणाचं असल्याचा उल्लेख असू द्या.

प्रवासाची तिकिटं एचएसएलची (हेलसिंकी परिसराची सार्वजनिक वाहतूक संस्था), भाड्याचे पट्टे अ, ब, क, ड असे (तिथे रोमन अक्षरांत). हेलसिंकी शहर जवळपास सगळं पहिल्या दोन पट्ट्यांत येतं, विमानतळ तिसऱ्यात. त्यामुळे उतरल्या दिवशी तिन्ही पट्ट्यांचं एक तिकीट आणि दुसऱ्या दिवसापासून पहिल्या दोन पट्ट्यांचं ३० दिवसांचं तिकीट घ्या. महिनाभराचं तिकीट तिसऱ्या पट्ट्यासह काढणं म्हणजे पैसे वाया. तिकीट गाडीत चढण्याआधी सुरू झालेलं हवं. विद्यार्थी सवलत बाहेरच्या विद्यार्थ्याला मिळेल असं गृहीत धरून खर्च मांडू नका.

घर शाळा ठरल्यावरच शोधा. शहराच्या मध्यात राहायची गरज नाही. मेट्रो पूर्वेकडे जाते आणि २०२३ च्या ऑक्टोबरात सुरू झालेली १५ क्रमांकाची हलकी रेल्वे इतॅकेस्कुसहून वीक्कीमार्गे एस्पोकडे जाते. त्यामुळे पूर्वेकडची घरंही सोयीची पडतात. एका महिन्यासाठी पोटभाडं हाच व्यवहार्य मार्ग. घर न पाहता, लेखी करार न करता अनामत पाठवू नका. त्यातच सर्वाधिक फसवणूक होते. इमारतीत धुलाईखोली असेल तर वेळ आधी नोंदवावी लागते, आणि रात्री दहा ते सकाळी सात शांतता पाळतात. संध्याकाळी लिहायला मध्यवर्ती रेल्वे स्थानकाजवळचं ओदी ग्रंथालय उत्तम. तिथे बसायला सदस्यत्व लागत नाही.

कपडे: मधली सुट्टी मुलं बाहेरच काढतात, पाऊस असला तरी. तुम्हाला मैदान पाहायचं तर पावसाळी जाकीट आणि पाणी न शिरणारे बूट हवेत. प्राथमिक शाळांत बूट दारात काढून मोज्यांवर फिरायची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. जाड मोजे किंवा घरातल्या चपला पिशवीत ठेवा. जेवण शाळेत लवकर असतं, कधी साडेदहालाच. मुलांना ते मोफत आहे, पाहुण्यांना विकत घ्यावं लागतं, पैसे कुठे भरायचे ते कार्यालयात पहिल्याच दिवशी विचारा. शाकाहारी पदार्थ असतो. मुलं जेवताना कशी बसतात हेही तुमच्या विषयातलंच आहे, तेव्हा जेवण चुकवू नका.

उत्तर ५ : निरीक्षण_तक्ता

राहिलेला मुद्रणाचा प्रश्न. नको. युरोपीय संघाच्या विदासंरक्षण नियमांनुसार मुलाचा आवाजही वैयक्तिक माहिती ठरतो, आणि एका पालकाची हरकत आली तरी त्या तासाचं मुद्रण वापरता येत नाही. शिवाय मोबाइल हातात धरूच नका. ऑगस्ट २०२५ पासून तासाला मोबाइल वापरायला शिक्षकाची परवानगी असल्याशिवाय मुलांना कायद्याने मनाई आहे. ज्या खोलीत त्यांचे फोन बंद आहेत तिथे मागे बसलेला पाहुणा फोनवर वेळ बघतोय, हे बरं दिसत नाही. सेकंदकाटा असलेलं मनगटी घड्याळ न्या. वहीत मुलांची नावं नाहीत, शाळेचंही नाव नाही, फक्त सांकेतिक अक्षरं. कोणतं अक्षर म्हणजे कोण, तो कागद घरी वेगळा ठेवा आणि अहवाल झाल्यावर नष्ट करा.

'चौथीब' यांनी सुचवलेल्या एका शाळेला माझी सहमती आहे, फक्त दोन्ही वर्ग एकाच इयत्तेचे मागा. चौथी आणि सहावी घेतलीत तर जो फरक दिसेल तो वयाचा की शिक्षकाचा हे सांगता येणार नाही.

आठवड्यांची वाटणी अशी करा. पहिल्या आठवड्यात तक्ता बाजूला ठेवा. एक दिवस एका वर्गाबरोबर पहिल्या तासापासून शेवटपर्यंत फिरा, मैदान, जेवण, हस्तकला सगळं. दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात तक्त्याने नोंदी. चौथ्यात नवं काही सुरू न करता शंकास्थळं पुन्हा पाहा आणि शिक्षकांशी बोला. बोलणं शाळा सुटल्यावर, वीस मिनिटांचं, आणि एका ठरावीक तासाबद्दल. 'तुमचं गटकार्याचं तत्त्व काय' याला गुळगुळीत उत्तर मिळतं. 'मंगळवारी तुम्ही ड ला दुसऱ्या गटात हलवलंत, का?' याला खरं उत्तर मिळतं. मुलांचं नाव न घेता जागेच्या नकाशावर बोट ठेवून विचारा. त्यांचं म्हणणं उद्धृत करणार असाल तर लिहिलेला मजकूर त्यांना पाठवून होकार घ्या.

वर्गात बसायची जागा शिक्षकांनाच ठरवू द्या, शक्यतो मागच्या कोपऱ्यात, दरवाजाच्या वाटेत नाही. मुलं शिक्षकांना पहिल्या नावाने हाक मारतात, तुम्हालाही तसंच बोलावतील. प्रश्न विचारला तर थोडक्यात उत्तर द्या आणि वहीकडे वळा. गणितात मदत मागितली तर काय करायचं हे शिक्षकांशी पहिल्या दिवशीच ठरवून घ्या, कारण एकदा मदत केलीत की तो गट तुमच्या नोंदींसाठी संपला.

महाविद्यालयाला उपस्थितीचं प्रमाणपत्र लागत असेल तर त्याचा इंग्रजी मसुदा तिसऱ्या आठवड्यात शाळेच्या कार्यालयाला द्या. शिक्का, विशिष्ट नमुना किंवा रोजच्या सह्या लागणार असतील तर ते पहिल्याच पत्रव्यवहारात सांगून ठेवा.

क्षेत्रकार्य_एमएड

सगळ्यांचे मनापासून आभार. एकाच शाळेत चौथीचे दोन वर्ग मागणारं पत्र या आठवड्यात तयार करते आणि तक्त्याचे रकाने इथे टाकते. व्याख्या कुठे ढिल्या वाटल्या तर नक्की सांगा.